वाचकांचे प्रश्न : ॲस्ट्रोजची शिक्षा आणि प्रेक्षकांचा संताप

प्रश्न : ह्यूस्टन ॲस्ट्रोज या अमेरिकी बेसबॉल संघाला प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याबद्दल मोठा दंड झाला, प्रशिक्षकाची नोकरीही गेली. तरी प्रेक्षक पुढे कित्येक वर्षे या संघाची हुर्यो का उडवत राहिले? खुणा ओळखण्याची धडपड तर या खेळात पूर्वापार चालत आली आहे ना?

उत्तर : आधी तुमच्या दुसऱ्या मुद्द्याविषयी. पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) कोणता चेंडू टाकावा हे बॅटरच्या मागे बसलेला कॅचर बोटांच्या खुणांनी सुचवतो. दुसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पुरी करण्याच्या वाटेवरील दुसऱ्या थांब्यावर, पोहोचलेल्या धावपटूने त्या खुणा नुसत्या डोळ्यांनी टिपून बॅटरला इशारा केला, तर तो नियमभंग ठरत नाही. उलट त्याच्या चाणाक्षपणाचे कौतुकच होते. मनाई आहे ती त्यासाठी यंत्रे वापरण्याला. 2017 च्या हंगामात ॲस्ट्रोजने घरच्या मैदानावर नेमके तेच केले. मैदानाच्या दूरच्या टोकाला असलेल्या कॅमेऱ्याचे चित्रण डगआउटजवळच्या (खेळाडू बसतात त्या जागेजवळच्या) पडद्यावर पाहायचे, खूण उलगडायची आणि वळणारा किंवा संथ चेंडू येणार असेल तर शेजारचा कचऱ्याचा पिंप बडवायचा, अशी त्यांची रीत होती. पिंप वाजला नाही, की बॅटरने वेगवान चेंडूची तयारी ठेवायची. चेंडू येऊन पोहोचायला अर्धा सेकंदही लागत नाही अशा खेळात ही आगाऊ माहिती किती मोलाची असते, हे गुगली ओळखू न आल्याने त्रिफळाचीत झालेल्या फलंदाजांना पाहणाऱ्या आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी लॉस एंजेलिस डॉजर्सला हरवून या संघाने आपली पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम विजेतेपदाची मालिका, जिंकली.

नोव्हेंबर 2019 मध्ये ॲस्ट्रोजचाच माजी पिचर माइक फायर्स याने हे उघडपणे सांगितले आणि 13 जानेवारी 2020 रोजी लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, रॉब मॅनफ्रेड यांनी शिक्षा जाहीर केली. जनरल मॅनेजर जेफ लुनो आणि संघाचे मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) ए. जे. हिंच यांना एका हंगामासाठी निलंबित करण्यात आले (मालकांनी त्याच दिवशी दोघांनाही काढून टाकले), संघाला 50 लाख डॉलर दंड झाला आणि 2020 व 2021 या दोन्ही वर्षी नवे खेळाडू निवडण्याच्या पहिल्या दोन फेऱ्यांतील हक्क गेले. 50 लाख ही लीगच्या घटनेनुसार दंडाची कमाल मर्यादा होती. म्हणजे कागदावर शिक्षा हलकी नव्हती.

संतापाचे खरे कारण ती कोणाला झाली यात आहे. ही योजना प्रामुख्याने खेळाडूंनीच चालवली, असे चौकशी अहवालच म्हणतो. तरीही एकाही खेळाडूला एका सामन्याचीसुद्धा बंदी झाली नाही, कारण खरी साक्ष देण्याच्या बदल्यात त्यांना अभय देण्यात आले होते. माझ्या मते या अभयाशिवाय सत्य इतके तपशीलवार बाहेर आले नसते, आणि खेळाडूंवर कारवाई झाली असती तर त्यांची बलाढ्य संघटना तिला आव्हान दिल्यावाचून राहिली नसती. पण ज्याच्या डोळ्यांदेखत आपला संघ हरला, त्या प्रेक्षकाला हा हिशेब पटवून देणे अवघड होते. त्यातच फेब्रुवारीत मालक जिम क्रेन यांनी या प्रकाराचा खेळावर परिणाम झाला नाही, असे म्हणून लगेच ते विधान फिरवले, आणि मॅनफ्रेड यांनी विजेतेपदाच्या करंडकाचा उल्लेख धातूचा तुकडा असा केला. त्यांनी नंतर माफी मागितली, पण घाव बसायचा तो बसलाच होता.

महासाथीमुळे 2020 चा नियमित हंगाम प्रेक्षकांविना झाला. त्यामुळे साचलेला राग 2021 मध्ये बाहेर पडला. अनाहाइमच्या मैदानात तर हवा भरलेला कचऱ्याचा पिंपच आत फेकला गेला. खेळाडूंना न झालेली शिक्षा आता आपणच द्यायची, अशी प्रेक्षकांची भावना होती. ती मला समजते. मात्र 2017 मध्ये जे संघात नव्हतेच, त्यांनाही तीच शिवीगाळ सोसावी लागली आणि ती निखालस अन्यायाची होती.

ह्यूस्टनच्या प्रेक्षकांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. पुष्कळांनी संघाची बाजू घेतली, हे खरे. परंतु त्यांच्यातल्याच एका चाहत्याने 2017 च्या घरच्या सामन्यांची चित्रफीत चेंडूगणिक ऐकून 8,200 हून अधिक चेंडूंची नोंद केली, त्यांत पिंपाचे 1,100 हून अधिक ठोके शोधले आणि आपल्याच आवडत्या संघाविरुद्धचा तो पुरावा सर्वांसमोर ठेवला. या साऱ्या प्रकरणात इतकी सच्ची प्रतिक्रिया मला दुसरी दिसली नाही.

प्रश्न : ॲस्ट्रोजचे 2017 चे विजेतेपद काढून का घेतले नाही?

उत्तर : चोरी झाली नसती तर निकाल काय लागला असता, हे ठरवता येत नाही, अशी कमिशनरांची भूमिका होती. लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेने ते विजेतेपद डॉजर्सना द्यावे, असा ठरावही केला होता, पण लीगने ते ॲस्ट्रोजकडेच ठेवले. खुणांच्या बाबतीत मात्र बदल झाला : 2022 पासून कॅचर बटण दाबतो आणि चेंडूचा प्रकार पिचरच्या टोपीतील छोट्या यंत्रातून त्याला ऐकू येतो, त्यामुळे हे यंत्र वापरणाऱ्यांना बोटांच्या खुणा कराव्याच लागत नाहीत.