वाचकांचे प्रश्न : साल्वादोरचा बाजार आणि चवळीचा वडा

ब्राझीलच्या बाईया राज्याची राजधानी साल्वादोर. या शहरातल्या बाजारांविषयी आणि खाण्याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

साल्वादोरला एकच दिवस हाताशी आहे. बाजार आणि खाणं, दोन्ही त्यात बसवायचं तर क्रम कसा ठेवावा? (ठाण्याहून)

सकाळी सातच्या सुमारास फेइरा दे साँव झ्वाकिमला पोहोचा. खालच्या शहरात, फेरीबोटींच्या धक्क्याला लागून हा बाजार आहे आणि तो गावकऱ्यांचा आहे, पर्यटकांचा नव्हे. वाळवलेल्या कोळंबीचे ढीग, बाटल्यांतलं लालभडक देंदे तेल (म्हणजे पाम तेल), कसाव्याचं भरड पीठ, कांदोंब्ले पंथाच्या पूजेला लागणारा झाडपाला आणि मारागोजिपिन्यो गावची मातीची भांडी असं सगळं एकाच ठिकाणी मिळतं. बोळ ओले असतात, म्हणून बंद बूट घाला. मटणाच्या आणि जिवंत कोंबड्या-बकऱ्यांच्या गल्ल्या सोसत नसतील तर आत शिरण्याआधीच कुणाला तरी वाट विचारून घ्या. रविवारी बाजार दुपारपर्यंतच रेंगाळतो.

तिथून उलट न फिरता पुढे रिबेइराला जा. १९३१ पासून चालू असलेलं ‘सोर्वेतेरिया दा रिबेइरा’ हे आइस्क्रीमचं दुकान तिथे आहे. व्हॅनिला-चॉकलेट मागवून पोट भरू नका. मांगाबा, उंबू, कजा ही तिथली फळं मागा. कजा आपल्या अंबाड्याच्याच कुळातलं, आंबटगोड. परतताना मेर्कादो मोदेलो लागेल. ही १८६१ ची जुनी जकातीची इमारत. आत हस्तकलेची दुकानं आहेत आणि भाव पर्यटकांचे, त्यामुळे अर्धा तास पुरे. समोरच्या लासेर्दा लिफ्टने (१८७३) वरच्या शहरात जा आणि जेवण पेलोरिन्यो या जुन्या वस्तीच्या बाजूला करा. वार निवडता येत असेल तर शुक्रवार निवडा. त्या दिवशी साध्या खानावळींतही देंदेतले पदार्थ शिजतात.

संध्याकाळ रिओ व्हेर्मेल्यो या समुद्रकाठच्या वस्तीसाठी राखून ठेवा. अकाराजे (देंदेत तळलेला चवळीचा वडा) विकणाऱ्या बाईयाना, म्हणजे पांढऱ्या घेरदार पोशाखातल्या बायका, बहुतेक ठिकाणी दुपार कलल्यावरच कढई चढवतात. सकाळी शोधत फिरलात तर पाय दुखतील, एवढंच.

आम्ही शाकाहारी आहोत. अकाराजे म्हणजे चवळीचा वडाच, असं ऐकलं. मग खायला हरकत नाही ना? (सांगलीहून)

वड्याला हरकत नाही, त्यात काय भरतात ते बघावं लागेल. पीठ फक्त सोललेली चवळी, कांदा आणि मीठ यांचं असतं. पण वडा चिरून आत जे घालतात त्यात जवळजवळ सगळीकडे सुकी कोळंबी असते. वातापामध्ये (पाव, शेंगदाणे, काजू, आलं, नारळाचं दूध) ती वाटलेली असते, भेंडीच्या कारुरूमध्येही असते, आणि वर अख्खी ठेवतात ती वेगळीच. लोक फसतात ते तिखटाला. तिथल्या मिरचीच्या लाल वाटणातही बहुधा कोळंबीच कुटलेली असते. ‘केंची’ (शब्दशः ‘गरम’) म्हटलंत की वडा गरम मिळतो असं नव्हे, हे तिखट लावून मिळतं.

म्हणून असं मागा : ‘सो कों सालादा’, म्हणजे फक्त टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर घालून. मग एकेक नाव घेऊन ‘सें वातापा, सें कारुरू, सें कामारांव, सें पिमेंता’, म्हणजे वातापा, कारुरू, कोळंबी आणि तिखट नको. नुसतं ‘मी शाकाहारी’ म्हणून भागत नाही, कारण बऱ्याच जणांच्या लेखी कोळंबी हे मांस नव्हे. काही ठिकाणी बैलाची प्लीहा (पासारिन्या) किंवा मासेही तळतात. तेल तेच का, ते कढईकडे पाहून विचारा.

केळीच्या पानात वाफवलेला आबारा टाळा. दिसायला तो सोज्वळ, पण कोळंबी थेट पिठातच कालवलेली असते. त्याच टोपलीतली कोकादा (नारळाची वडी) आणि बोलिन्यो दे एस्तुदांते निर्धास्त खा. दुसरा पदार्थ कसाव्याच्या दाणेदार पिठात नारळ घालून तळतात आणि दालचिनी-साखरेत घोळवतात. साबुदाणाही कसाव्याचाच असल्याने चव परकी वाटणार नाही. खानावळीत घेवड्याची उसळ मागवलीत तर आधी विचारा, तिच्यात बहुधा खारवलेलं मांस असतं.

घरी केलेलं अकाराजे दगडासारखं झालं. दुसऱ्यांदा पाणी वाढवलं तर तेलात विरघळलं. (नाशिकहून)

दोन्ही वेळा फेटणं कमी पडलं आहे. उडदाला अंगचा चिकटपणा असतो, चवळीला तो नाही. तिच्यात हवा हातानेच भरावी लागते. खायचा सोडा घालू नका. त्याने वडा तेल पितो.

अर्धा किलो चवळी मिक्सरमध्ये क्षणभर फिरवून फक्त फोडून घ्या आणि पाच-सहा तास भिजवा. मग पाण्यात चोळून सालं तरंगवून काढा. काळा डोळा सालाबरोबरच जातो. राहिलेल्या सालांमुळे वडा जड आणि काळपट होतो, तेव्हा इथे घाई नको. चाळणीत अर्धा तास पूर्ण निथळू द्या. एक मोठा कांदा घालून, पाण्याचा थेंबही न टाकता बारीक वाटा. ओलावा कांद्याचा पुरतो. लाकडी चमच्याने दहा-पंधरा मिनिटं फेटा. पीठ पांढुरकं आणि फुगलेलं दिसेल. थेंबभर पीठ पाण्यात टाकून तरंगलं तर झालं. मीठ (दोन लहान चमचे) अगदी शेवटी घाला, आधी घातलं तर पाणी सुटतं.

तेल मध्यम आचेवर आणि वडा निम्म्याहून जास्त बुडेल इतकं खोल हवं. बाईयाना तेलात एक अख्खा कांदा सोडून ठेवतात, त्यामुळे तेल लवकर करपत नाही. आपल्याकडचं रिफाइंड पामतेल देंदेऐवजी चालत नाही, त्याचा रंग आणि वास दोन्ही काढून टाकलेले असतात. शेंगदाणा तेलात केलेला वडा चांगलाच लागतो, पण त्याला अकाराजे म्हणायला बाईयाना तयार होणार नाही.

बाजारातून आणलेली देंदेची बाटली खाली गोठली आहे. भेसळ असेल का? (पणजीहून)

नाही. या तेलातली जड चरबी गारव्याला खाली बसते आणि वर पातळ लाल भाग राहतो. बाटली कोमट पाण्यात ठेवून हलवा. यापुढे आणाल तेव्हा कारखान्यात सील केलेली बाटली घ्या. ती हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत, मोठ्या बॅगेत दोन पिशव्यांत बांधून ठेवा. कपड्यांवरचा केशरी डाग सहजासहजी निघत नाही.

तिथे पैसे कसे द्यायचे? (पुण्याहून)

टपऱ्यांवर सगळीकडे ‘पिक्स’ चालतं, जे आपल्या यूपीआयसारखं आहे. पण त्यासाठी सहसा ब्राझीलमधलं खातं लागतं. दुकानांत कार्ड चालेल. बाजारासाठी मात्र लहान नोटा जवळ ठेवा, मोठ्या नोटेचे सुटे मिळवायला तिथे वेळ जातो.