'अमूल्य'मधला अ आणि 'इन्व्हॅल्युएबल'मधला इन

केंब्रिजच्या सी-वन अ‍ॅडव्हान्स्ड या इंग्रजी परीक्षेची तयारी करणाऱ्या एका वाचकाची शंका अशी आहे: शब्दघडणीच्या सरावात 'हर हेल्प वॉज अ‍ॅब्सोल्यूटली' असे म्हणून पुढे गाळलेली जागा होती आणि मूळ शब्द 'व्हॅल्यू' दिला होता. त्यांनी 'व्हॅल्युएबल' लिहिले, उत्तरसूचीत मात्र 'इन्व्हॅल्युएबल' निघाले. नकारार्थी उपसर्ग लागून शब्दाचे वजन वाढते कसे आणि आपले उत्तर चुकले का, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या शंकेचे उत्तर मराठीतच आहे. 'अमूल्य' या शब्दातला 'अ' नकारार्थीच असतो, तरी अमूल्य वस्तूला आपण कवडीमोल समजत नाही, कारण तिचे मूल्य करताच येत नाही असा तिचा अर्थ आहे. इन्व्हॅल्युएबलची घडण अगदी हीच आहे. येथे व्हॅल्यू हे नाम नसून 'मोल ठरवणे' या अर्थाचे क्रियापद आहे, 'एबल' हा प्रत्यय ते करण्याची शक्यता दाखवतो आणि 'इन' त्या शक्यतेला नाकारतो. मोलाला नाकारत नाही. 'अप्रतिम' आणि 'अनुपम' हे शब्दही याच वाटेने स्तुतिवाचक झाले आहेत. ज्याला खरोखरच मोल नाही त्यासाठी इंग्रजीत 'व्हॅल्यूलेस' आहे, म्हणजे आपले 'मूल्यहीन'. 'इन्फ्लेमेबल'चे उदाहरण मात्र येथे जोडू नये; त्यातला 'इन' नकाराचा नसून 'आत' या अर्थाच्या लॅटिन उपसर्गातून आलेला आहे, म्हणूनच फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल या दोन्हींचा अर्थ 'सहज पेट घेणारे' असाच होतो.

दुसऱ्या शंकेचे उत्तर 'अ‍ॅब्सोल्यूटली' या शब्दात दडलेले आहे. हे क्रियाविशेषण टोकाचा अर्थ असलेल्या विशेषणांशी जुळते, आणि व्हॅल्युएबल हे कमीअधिक होऊ शकणारे विशेषण असल्यामुळे त्याच्याआधी 'व्हेरी' शोभते. मराठीतही 'खूप मौल्यवान' सहज म्हटले जाते, पण 'खूप अमूल्य' कानाला खटकते. वाक्यात 'व्हेरी' असते तर आपलेच उत्तर बरोबर ठरले असते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, सराव करताना मूळ शब्दाकडे पाहण्याआधी गाळलेल्या जागेच्या डावीउजवीकडचे शब्द पाहावेत. जागेआधी 'ॲन' असेल तर पुढचा शब्द स्वरोच्चाराने सुरू होतो, एवढ्यावरूनसुद्धा व्हॅल्युएबल बाद होते.

या 'ॲन'वरून आपल्या 'अन्'ची आठवण होते. संस्कृतात व्यंजनापूर्वी 'अ' आणि स्वरापूर्वी 'अन्' येतो: अशक्य, पण अनावश्यक. ग्रीकमधून इंग्रजीत आलेल्या 'अ‍ॅन' या नकारार्थी उपसर्गाचा नियमही हाच आहे, आणि इंग्रजीचा 'अन', लॅटिनचा 'इन' व संस्कृतचा 'अन्' हे तिघेही एकाच प्राचीन मुळाचे आहेत. लॅटिनचा 'इन' पुढच्या अक्षराशी जुळवून घेतो. लीगलपूर्वी तो 'इल' होतो, रेग्युलरपूर्वी 'इर' आणि पॉसिबलपूर्वी 'इम'. उत् अधिक लेख यांचा 'उल्लेख' होताना जसे दोन ल उरतात, तसे इल्लीगलमध्ये दोन एल लिहावे लागतात. एक एल गाळण्याची चूक फार जणांकडून होते. 'अन' मात्र कोणापुढेही बदलत नाही.

खरी अडचण एकाच कुळातल्या शब्दांना वेगवेगळे उपसर्ग लागतात तेथे येते. विशेषण 'अनएबल', पण नाम 'इनॅबिलिटी'. 'अनइक्वल', पण 'इनइक्वॅलिटी'. 'अनजस्ट', पण 'इनजस्टिस'. 'अनस्टेबल', पण 'इनस्टेबिलिटी'. ही नामे लॅटिन-फ्रेंच घडणीची असल्याने त्यांनी 'इन' धरून ठेवला, तर रोजच्या वापरातल्या विशेषणांनी इंग्रजीचा घरचा 'अन' स्वीकारला. आपण 'अन्याय' म्हणतो आणि 'बेइमान' म्हणतो, तेव्हा हीच निवड नकळत करत असतो. (मराठीने 'बेचव'सारख्या शब्दात फारसी उपसर्ग मराठी शब्दाला बेधडक लावला, हे तिचे औदार्य मला फार आवडते.) अशा जोड्या नियमाने सापडत नाहीत, विशेषण आणि नाम शेजारीशेजारी लिहून, प्रत्येकाचे एक वाक्य करूनच त्या पाठ होतात.

वहीत एका शब्दाला एक पान द्यावे. व्हॅल्यूच्या पानावर व्हॅल्युएबल, इन्व्हॅल्युएबल, व्हॅल्यूलेस, अंडरव्हॅल्यू, डिव्हॅल्यू, इव्हॅल्युएशन हे सारे येतील. परीक्षेच्या या भागात आठ जागा आणि प्रत्येकीला एक गुण असतो, आणि स्पेलिंग चुकले तर तो गुण मिळत नाही. त्यामुळे पानावर हेही टिपावे की, व्हॅल्युएबलमध्ये प्रत्यय स्वराने सुरू होत असल्याने व्हॅल्यूच्या शेवटचा ई गळतो, आणि व्हॅल्यूलेसमध्ये तो तसाच राहतो.