भाषणे दोन तास, वादन वीस मिनिटे

प्रश्न : ताई, मी 64 वर्षांचा असून कोल्हापुरातल्या शाहूपुरीत राहतो. तरुणपणी ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोन वाजवायचो. त्याच काळात आम्हा काही वादकांना जॅझचा नाद लागला आणि राजारामपुरीत एका मित्राच्या दुकानाच्या माडीवर दर रविवारी आमची बैठक भरू लागली. गेल्या काही वर्षांत त्यातले पाच जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ आम्ही दर डिसेंबरात कार्यक्रम करतो. पण फोटोंना हार, दीपप्रज्वलन आणि भाषणे यांतच दोन तास जातात, वादन जेमतेम वीस मिनिटे होते आणि नवी मुले मागच्या मागे निघून जातात. आमच्या ड्रमरचा मुलगा म्हणतो, ‘बाबांचा फोटो लावू नका; ते विमा कंपनीत अधिकारी होते, एवढी ओळख पुरे.’ शेवटची गोष्ट लिहिणे जड जाते. आमचा ट्रम्पेटवाला आणि मी एका लग्नात वाजवण्याच्या सुपारीच्या पैशांवरून भांडलो आणि तो गटातून बाहेर पडला. सात वर्षे आम्ही बोललो नाही. तो गेला त्या दिवशी मी अंत्यसंस्काराला पंचगंगेवर गेलो नाही, रंकाळा तलावाला फेऱ्या मारत राहिलो. काही जण म्हणतात, त्याने गट सोडला होता, त्याचे नाव वाचायचे नाही. त्याच्यासाठी रडण्याचा हक्क तरी मला आहे का?
— एक सॅक्सोफोनवादक

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मोठे असल्यामुळे वर थोडक्यात दिले आहे. पण जो भाग गाळला, त्यातलीच एक हकिकत मला सर्वांत मोलाची वाटली. तुम्ही लिहिले आहे की माडी लहान असल्यामुळे तुमचा ड्रमर काठ्यांऐवजी तारांचे ब्रश वापरायचा, स्नेअर या ड्रमचा झणका खाली दुकानात जाऊ नये म्हणून खिशातले पाकीट काढून ड्रमच्या कडेला ठेवायचा, आणि बैठक संपल्यावर ते तेथेच विसरून निम्म्या वाटेतून परत यायचा. आजवरच्या कार्यक्रमांत ही गोष्ट कोणी व्यासपीठावरून सांगितली आहे का? पत्रावरून तरी तसे दिसत नाही. ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’, ‘कलेचा सच्चा उपासक’ ही विशेषणे कोणत्याही शोकसभेत कोणालाही चिकटवता येतात आणि ती ऐकून त्या पाच जणांपैकी एकही डोळ्यांपुढे उभा राहत नाही. तुमची नवी मुले उठून जातात ती अनादराने नव्हे. ज्यांना त्यांनी कधी ऐकले नाही, त्यांच्याबद्दल तुम्ही त्यांना ऐकण्याजोगे काही देतच नाही.

कोल्हापुरात तरी हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादिया खाँसाहेब 1946 मध्ये गेले. परंतु त्यांची गायकी शिष्यांच्या आणि प्रशिष्यांच्या गळ्यांतून आजही ऐकू येते, आणि गवयाच्या पुण्यतिथीला गाणे झाले नाही तर ती पुण्यतिथी झाली असे जाणकार रसिक मानत नाहीत. जॅझवाल्यांची रीत याहून फार निराळी नाही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहरात वादक वारला की बँड त्याच्या अंत्ययात्रेबरोबर चालतो. दफनभूमीकडे जाताना संथ लयीत स्तोत्रे वाजतात, आणि निरोप दिल्यावर तोच बँड नाचरी चाल धरतो व मागून लोक छत्र्या आणि रुमाल फिरवत निघतात. (बँडमागून नाचण्याचे धडे कोल्हापूरकरांना कोणी द्यायला नकोत, हे मान्य.) ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन 1956 मध्ये मोटार अपघातात गेला तेव्हा तो अवघा 25 वर्षांचा होता, त्याच्या आठवणीसाठी सॅक्सोफोनवादक बेनी गोल्सन याने एक रचना केली आणि ब्राउनला कधीही न पाहिलेले ट्रम्पेटवादक ती आजही वाजवतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की यंदा भाषणे बंद करावीत. प्रत्येक दिवंगत वादकाच्या आवडीचा एकेक पीस निवडावा आणि तो सुरू होण्यापूर्वी एकाच व्यक्तीने, उभ्या उभ्या, तो माणूस ही चाल कशी वाजवायचा तेवढेच सांगावे : कोठे थांबायचा, कोणत्या जागी हमखास चुकायचा, कोणाकडे पाहून डोळे मिचकावायचा. त्याच्या जागी नव्या मुलांपैकी एकाला बसवावे. त्याने गेलेल्याची नक्कल करू नये, पण ती जागा कोणाची होती हे त्याला ठाऊक असावे. हार आणि दिवा यांच्याविषयी माझा आग्रह नाही. तुमच्यासारख्या गटात निरनिराळ्या धर्मांची माणसे असण्याचा संभव असतो. तेव्हा सर्वांवर एकच विधी न लादता त्या त्या घरी विचारून घ्यावे आणि जे करायचे ते पाच मिनिटांत आटोपावे.

ड्रमरच्या मुलाचा राग धरू नका. ‘बँडवाला’ हा शब्द आपल्याकडे किती तुच्छतेने उच्चारला जातो हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे, आणि लग्नाच्या मांडवात वाजवून दमलेल्या माणसाला जेवायला मागच्या दाराशी बसवणारी घरे आपल्याच गावात होती. या कलेची उपेक्षा तर मोठमोठ्यांच्याही वाट्याला आली. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही असत. त्यांपैकी आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे लोकांचे चिक चॉकलेट, यांनी सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले. ते 1967 मध्ये गेले. त्यांचे नाव निदान जाणकारांच्या ओठी राहिले. परंतु ज्यांचे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन आपण रेडिओवर ऐकत वाढलो, अशा पुष्कळ वादकांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कधी आलीच नाहीत. मुलाची हरकत असेल तर फोटो लावू नका. तो त्याचा अधिकार आहे. मात्र कार्यक्रमाची पत्रिका घेऊन नव्हे, तर एखाद्या साध्या दिवशी त्याच्याकडे जा आणि त्याला पाकिटाची गोष्ट सांगा. रविवारी दुपारी वडील कोठे जात, हे त्याला कदाचित ठाऊक असेल. तेथे गेल्यावर ते कोण बनत, हे सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत आणि त्यांत तुम्ही एक आहात. त्यानंतरही तो नको म्हणाला, तर आग्रह करू नये.

आता ट्रम्पेटवाल्याविषयी. त्याचे नाव वाचायचे, याबद्दल माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही. आपल्याकडे तर्पणात आईवडिलांच्या कुळांबरोबर गुरूला आणि मित्रालाही पाणी दिले जाते, आणि ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या राखून ठेवलेली आहे. कोण कोणाशी भांडला होता, याची विचारपूस त्यात येत नाही. त्याने तुमचा गट सोडला, वाजवणे सोडले नव्हते. जे सदस्य विरोध करत आहेत ते तुमची बाजू घेतल्याचे समाधान मिळवत असावेत, आणि तो विरोध मोडून काढण्याचे काम तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला शोभणार नाही. नाव तुम्हीच वाचा. त्याच्यावर बोलू मात्र नका. सात वर्षांचा अबोला मोडणारे भाषण श्रोत्यांपुढे केले की त्यात त्याच्यापेक्षा तुम्हीच जास्त दिसाल.

त्याऐवजी एक सुचवते. तुम्ही मंडळी बारा बारचा ब्लूज, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या बारा घरांची फिरून फिरून येणारी चाल, नक्की वाजवत असाल. त्यात जेथे त्याचा सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचा भाग, यायचा, तेथे एक फेरी कोणीही वाजवू नये. बास आणि ड्रम चालू राहावेत, तुम्ही सॅक्सोफोन हातात धरून उभे राहावे. मध्यम लयीत, मिनिटाला 120 ठोके धरले, तर बारा बारचे 48 ठोके होतात आणि ती फेरी 24 सेकंदांत संपते. कार्यक्रमाचा तोल त्यामुळे बिघडणार नाही. पुढच्या फेरीत तुम्ही वाजवायला लागा.

रडण्याच्या हक्काविषयी विचारलेत. ज्याच्याशी काहीच संबंध उरलेला नसतो, त्याच्या मरणाच्या दिवशी कोणी रंकाळ्याला फेऱ्या मारत नाही. तेव्हा हक्काचा प्रश्न मला पडत नाही. मला प्रश्न पडतो तो पैशांचा. भांडण सुपारीच्या रकमेवरून झाले असे तुम्ही लिहिता, पण त्यातले काही देणे तुमच्याकडे राहिले होते का, यावर पत्र गप्प आहे. राहिले असेल, तर डिसेंबरची वाट न पाहता ते त्याच्या पत्नीच्या हाती नेऊन द्या. तेव्हा कोण बरोबर होते याचा खुलासा करू नका आणि नवऱ्याच्या वतीने तुम्हाला क्षमा करण्याचे ओझेही त्या बाईंवर टाकू नका. राहिले नसेल, तरी जा. त्यांना भेटायचे नसेल तर त्या तसे सांगतील आणि ते तुम्ही ऐकून घ्यावे.

शेवटी कॅसेटविषयी. माडीवरच्या बैठकांच्या काही कॅसेट तुमच्या कपाटात आहेत, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. हे काम कार्यक्रमापेक्षा तातडीचे आहे. दमट हवेत फितीला बुरशी धरते, तेव्हा त्या जुन्या टेपरेकॉर्डरवर लावून पाहण्याचा मोह आवरा. फीत अडकून तुटली तर हळहळत बसाल. ध्वनिमुद्रणाचे काम जाणणाऱ्याकडून त्यांची संगणकावर प्रत करून घ्या आणि मग उरलेल्या सगळ्यांनी एकत्र बसून ती ऐका. कोणत्या मिनिटाला कोण वाजवतो आहे, हे नव्या मुलांपैकी कोणाला तरी वहीत लिहून घ्यायला सांगा, कारण नुसत्या फुंकेवरून माणूस ओळखणारे कान तुमच्याच पिढीत आहेत. ट्रम्पेट जेथे ऐकू येईल, त्या भागाची एक प्रत ट्रम्पेटवाल्याच्या घरी जाताना बरोबर न्या.