पॅसेंजर पिजन हे अमेरिकेतलं रानकबुतर अब्जांनी असून संपलं, मग आपली कबुतरं काहून संपत नाहीत?

पहिले आमच्या कुलरची गोष्ट सांगतो, अर्धं उत्तर त्यातच आहे. मागच्या एप्रिलमधे बाल्कनीतला कुलर सुरू करायचा म्हणून खस बदलायला गेलो तर आत मोटरजवळ कबुतर बसलेलं. घरटं म्हणजे काय, खराट्याच्या सात-आठ काड्या, एक तारेचा तुकडा, बाकी सगळी घाण, आणि त्यात दोन पांढरी अंडी. आई म्हणे हात नको लावू. मग काय, अठराएक दिवस अंडी उबवण्यात (दिवसा नर बसतो, रात्री मादी, ड्युटी लावल्यासारखी), वरून महिनाभर पिल्लं, आणि आम्ही नागपूरच्या त्या उन्हात नुसत्या पंख्याखाली. पिल्लं उडाली न उडाली तर जोडी परत काड्या घेऊन हजर!

आता अमेरिकेतल्या त्या पॅसेंजर पिजनचं पहा. ३ ते ५ अब्ज होते असा अंदाज आहे, थवा निघाला की आभाळ झाकून जायचं. पण अंडं एका वेळी एकच, आणि घरटी करायची ती हजारो-लाखोंनी एकत्र, फांद्या मोडेपर्यंत. ससाणे खाऊन खाऊन किती खातील, हाच त्यांचा बचाव, अन् तो ससाण्यापुरता बरोबरच होता. मग रेल्वे आली, तार आली. थवा कुठं उतरला ते तारेनं कळायचं, शिकारी रेल्वेनं पोचायचे आणि पिंपं भरभरून पक्षी शहरात जायचे. १८७८ मधे मिशिगनच्या पेटॉस्कीला असंच महिनोन्‌महिने चाललं. वरून ज्यांच्या फळांवर ते जगायचे ती ओक आणि बीच या झाडांची जंगलंही तुटून राहिली होती. थोडेफार उरले, पण बऱ्याच अभ्यासकांच्या मते गर्दीशिवाय त्यांची वीणच नीट होत नव्हती. शेवटची मादी मार्था, सिनसिनाटीच्या झूमधे १ सप्टेंबर १९१४ ला गेली, तिला बर्फाच्या लादीत गोठवून वॉशिंग्टनला पाठवलं.

पिल्लांना घशातलं दूध (गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दाट पांढरा पदार्थ) पाजणं दोघांतही आहे, तो फरक धरू नका. आपलं कबुतर मुळात कड्याकपारीतलं, त्याच्यासाठी सीताबर्डीची बिल्डिंग म्हणजे कडाच, वरून ज्वारी टाकणारे लोक चौकाचौकात. त्याला थवा नाही लागत, एक जोडी आणि एक कोपरा बस झाला.

यंदा मी मार्चमधेच कुलरला जाळी मारली. आता बाथरूमच्या एक्झॉस्टमधे काड्या दिसून राहिल्या.