दगड कुठून उडतो ते आधी बघा

प्रश्न : मुलगा-सून टेक्सासला असतात. त्यांनी दोन वर्षांपूर्वी मोटरहोम घेतलं, म्हणजे बसएवढी गाडी, आत ओटा, बेड, बाथरूम सगळं, डिझेल इंजिन मागच्या बाजूला. आणि तिच्या मागे त्यांची जीप रँग्लर चारही चाकांवर बांधून नेतात, म्हणजे मुक्कामाला मोठी गाडी उभी केली की जीपने हिंडता येतं. मागच्या ट्रिपला जीपच्या काचेला दगड लागून चीर गेली, बोनेटचा रंग टिपक्याटिपक्यांनी उडाला आणि एक हेडलाइट फुटला. येत्या जूनमध्ये आम्ही दोघं तिकडे जातोय आणि सगळ्यांनी मिळून अलास्कापर्यंत जायचा बेत आहे. मुलगा म्हणतो जीपला पुढून कापडी मास्क घालू, आमचे हे म्हणतात सरळ ताडपत्री गुंडाळा. काय करावं?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : ताई, आधी दोघांनाही थांबवा. ताडपत्री तर नकोच आणि मास्कही नको, निदान पहिला उपाय म्हणून तरी नको. माझ्या आधीच्या गाडीला मी असाच कापडी मास्क घातला होता, गोव्याला जाऊन आलो आणि चार दिवसांनी काढला तर खाली बारीक वाळू अडकलेली, वाऱ्याने कापड फडफडून त्या वाळूने रंगावर पॉलिश पेपर मारल्यासारखं झालेलं. दगडाचा टिपका निदान टचअपने झाकता येतो, पण अख्ख्या बोनेटवरचे ओरखडे घालवायला पूर्ण पॅनल घासावं लागतं. तिकडे तर ताशी शंभरच्या आसपास वेगाने तासन्‌तास जायचं, ताडपत्री असली तर दोरीच्या प्रत्येक काचणीखाली रंग जाणार.

आता मुळात दगड येतो कुठून ते बघा. लोकांना वाटतं समोरून येणाऱ्या ट्रकमुळे येतो, तसा येतोही कधीतरी, पण मागे बांधलेल्या गाडीला बसणारे बहुतेक दगड स्वतःच्याच मोटरहोमच्या मागच्या चाकांचे असतात. मागे दोन-दोन टायर जोडीने असतात, आणि टो बारमुळे, म्हणजे दोन गाड्या जोडणाऱ्या दांड्यामुळे, जीपचं तोंड तिथून फार लांब नसतं. काही खडे टायरच्या खाचेत अडकून फिरत्या चाकावरून सुटतात, आणि बरेचसे नुसते वर उडून हवेत असतात आणि जीपच त्यांच्यावर जाऊन आदळते. म्हणून वेगाचा संबंध मोठा आहे. आघाताची ताकद वेगाच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते, ताशी 65 मैलांऐवजी 55 ने गेलात तर मार पाव हिश्शाहून जास्त कमी होतो. कॅलिफोर्नियात गाडी ओढणाऱ्याला 55 मैलांची मर्यादाच आहे, बाकी बऱ्याच राज्यांत नसली तरी तुमच्या मुलाने ती स्वतःला घालून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

तर दगड अडवायचा तो चाकाच्या जितका जवळ अडवता येईल तितका, जीपच्या तोंडाशी नाही. पहिला खर्च मडफ्लॅपवर करा. मागच्या चाकांना लागून जाड रबरी फ्लॅप, आणि मोटरहोमच्या शेपटाला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रुंद फ्लॅप. पण हा रुंद फ्लॅप लावताना एक नीट बघायचं, इंजिन मागे आहे म्हणजे रेडिएटरची गरम हवाही तिथूनच बाहेर पडते, फ्लॅपने ती वाट बंद झाली तर इंजिन तापू शकतं. सायलेन्सरचं तोंड रबराच्या अगदी जवळ असेल तर रबर वितळतं. आणि फ्लॅप जमिनीला इतका टेकवू नका की पेट्रोल पंपाच्या चढावर घासून फाटेल, चार बोटं तरी मोकळी ठेवा. बसवला की पहिले काही तास टेम्परेचरच्या काट्यावर लक्ष ठेवायचं.

दुसरा उपाय टो बारवरची जाळी. रोडमास्टर, ब्लू ऑक्स, डेमको या टो बार बनवणाऱ्या कंपन्यांकडे अशा गोष्टी मिळतात, कोणाची आडवी कडक ढाल असते तर कोणाची ताणून बांधायची जाळी. अलास्कासाठी मी जाळी घेईन. ढाल खालच्या बंपरला आणि हेडलाइटला चांगली, पण ती बुटकी, काचेकडे उडालेला दगड तिच्या वरून जातो, शिवाय कडक पृष्ठभागावरून दगड उलटून मोटरहोमच्या मागच्या रंगावर बसू शकतो. जाळी दगडाचा जोर खाते आणि वळणावर थोडी दबते. बारीक धूळ, चिखलाचं पाणी आणि डिझेल इंजिनाच्या ब्रीदर पाइपमधून उडणारे तेलाचे बारीक कण मात्र जाळीतून येणारच, जीप रोज पुसावी लागेल हे धरून चाला.

काहीही बसवलं तरी रिकाम्या मैदानात मोटरहोमचं स्टीअरिंग डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण वळवून हळू चालवायला सांगा आणि एकाने बाहेर उभं राहून बघायचं, जाळी कुठे ओढली जात नाही ना, सेफ्टी चेन आणि ब्रेकअवे केबल तिच्यात अडकत नाही ना. ही केबल म्हणजे जोड तुटलाच तर जीपचे ब्रेक आपोआप लावणारी दोरी, ती मोकळीच हवी. मागच्या लाइटची वायर पण तशीच.

एवढं झाल्यावर मग जीपच्या अंगावर काय घालायचं ते. बोनेट, बंपर आणि हेडलाइटला पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, करून घ्या, ती पारदर्शक जाड फिल्म रंगाला चिकटलेली असते त्यामुळे खाली वाळू जातच नाही. रँग्लरची काच बरीच उभी असते, दगड तिरपा निसटून जात नाही, सरळ बसतो, म्हणून काचेचं वेगळं बघायला हवं. आपल्याकडे निवडणुकीचे बोर्ड ज्याचे करतात ती सनपॅक शीट, तसलीच पोकळ प्लॅस्टिकची शीट तिकडेही मिळते, ती काचेच्या मापाने कापून, कडांना मऊ फोम लावून, पट्ट्यांनी घट्ट बसवायची. ओढताना जीपमध्ये ड्रायव्हर नसतो आणि इंजिनही बंद असतं, त्यामुळे पुढची काच झाकली काय आणि रेडिएटरपुढच्या ग्रिलसमोर शीट लावली काय, बिघडत नाही. फक्त जीप सोडवली की स्टार्ट करायच्या आधी सगळं काढलं पाहिजे, नाहीतर रेडिएटरला हवा मिळणार नाही. मी असतो तर स्टीअरिंगला लाल फडकं बांधून ठेवलं असतं, ते सोडताना आठवण होते.

आता अलास्का. कॅनडातलं डॉसन क्रीक ते अलास्कातलं डेल्टा जंक्शन हा अलास्का हायवे 1942 मध्ये बांधला, आता डांबरी आहे, पण हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि रस्ता उचकटतो, त्यामुळे दुरुस्तीची कामं उन्हाळ्यातच निघतात आणि मधेमधे मैलोन्‌मैल नुसती खडी लागते. कॅनडाच्या युकॉन भागात डिस्ट्रक्शन बे ते बीव्हर क्रीक हा पट्टा त्यासाठी प्रसिद्धच आहे. माझा आग्रह आहे की अशा ठिकाणी जीप सोडवा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, तुमची सून किंवा मुलगा कोणीतरी ती चांगलं अंतर ठेवून मागून चालवत आणेल आणि खडी संपली की पुन्हा बांधायची. याच्याइतका भरवशाचा उपाय बाजारात विकत मिळत नाही. आणि प्रत्येक थांब्यावर टॉर्च घेऊन जोडीच्या दोन टायरांच्या मधल्या फटीत बघायचं, तिथे अडकलेला मोठा दगड सुटला तर जाळीलाही ऐकणार नाही.

जुनी चीर अजून तशीच असेल तर निघायच्या आधी काच दाखवून घ्या. पुढची काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर, नाण्याएवढा टवका असेल तर रेझिन भरून थांबवता येतो, लांब चीर गेली की काचच बदलावी लागते. वाटेत नवा टवका पडलाच तर त्यावर लगेच पारदर्शक टेप लावायची, आत पाणी-धूळ गेली की रेझिन नीट धरत नाही.

प्रश्न : आमच्याकडे साधी हॅचबॅक आहे. रोज कासारवडवलीहून माजिवड्याला येतो, पुढे खडीचे डंपर असतात. वर्षात दुसऱ्यांदा काचेला टवका पडला. नेरुळच्या बाईंसारखं आम्ही कोणाच्या चाकाला फ्लॅप लावणार? इन्शुरन्समधून काच बदलून घ्यावी का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : दादा, डंपरला फ्लॅप लावणं आपल्या हातात नाही, अंतर आहे. घोडबंदरला अंतर ठेवलं की कोणीतरी मधे घुसतो हे मलाही माहीत आहे, तरी घुसू द्या आणि पुन्हा मागे राहा. ताडपत्री नीट न बांधलेला किंवा काठोकाठ भरलेला डंपर दिसला तर त्याच्या मागे राहण्यापेक्षा लेन बदला, आणि खडी सांडलेली असेल तिथे ओव्हरटेक करताना आपल्याच चाकाने शेजारच्या बाइकवाल्याला दगड जाणार नाही एवढा वेग ठेवा, त्याच्यापुढे तर काचही नसते.

इन्शुरन्सचं म्हणाल तर कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत काचेवर घसारा कापत नाहीत, प्लॅस्टिक-रबराच्या पार्टवर 50 टक्के कापतात तसं काचेचं नाही. पण क्लेम केला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियमवरची सूट, जातो, पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. त्यामुळे बोनस वाचवण्याचं अॅड-ऑन नसेल तर काचेचा खर्च आणि गेलेला बोनस कागदावर शेजारी-शेजारी लिहा, छोट्या गाडीला पुष्कळदा स्वतःच्या खिशातून भरणं स्वस्त पडतं. टवका बारीक असेल तर रेझिन भरून घ्या, क्लेमचा प्रश्नच नको. आणि काच बदललीच तर फास्टॅग जुन्या काचेबरोबर जातो, काढायला गेलं की फाटतो, बँकेकडून बदली टॅग आधीच मागवून ठेवा म्हणजे टोलला अडकणार नाही.

प्रश्न : आम्ही मित्रांनी मिळून कॅम्पर व्हॅन घेतली आहे. तिच्या मागे छोटी कार बांधून कोकणात न्यावी म्हणतो, तो टो बार इथे मिळेल का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : नका करू. आपल्याकडे चालू स्थितीतली गाडी अशी सोयीसाठी दुसऱ्या गाडीमागे बांधून न्यायला परवानगी नाही, बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढायची वेगळी गोष्ट आणि रजिस्टर्ड ट्रेलरची वेगळी. शिवाय कशेडी किंवा वरंध्यासारख्या घाटात एवढी लांब जोडी वळवायची म्हणजे समोरून येणाऱ्या एसटीचा विचार करा. एकाने कार चालवत न्या आणि आलटून-पालटून बसा.