सत्र संपलं, खोली रिकामी करा

परीक्षा जवळ आल्या की या सदरात येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. मेसच्या आणि रूममेटच्या घोरण्याच्या तक्रारी मागे पडतात आणि बहुतेक पत्रं एकाच कागदाभोवती फिरू लागतात : सुट्टी लागण्याची नोटीस. विद्यापीठाच्या वसतिगृहात मी रेक्टर होते, त्यामुळे अशा नोटिसा मी लिहिल्या आहेत, चिकटवल्या आहेत आणि त्यांच्या कडेला मुलांनी पेन्सिलीने लिहिलेले शेरेही वाचले आहेत. काही शेरे मूळ मजकुरापेक्षा बरे असत.

प्रश्न : मॅडम, आमच्याकडे नोटीस लागली आहे की शेवटचा पेपर झाल्यापासून २४ तासांत खोली रिकामी करायची. माझा पेपर शुक्रवारी दुपारी संपतो आणि परतीचं तिकीट रविवारी रात्रीचं आहे. ऑफिसात विचारलं तर 'नोटिशीत आहे ते वाच' एवढंच म्हणाले. मधले दोन-तीन दिवस मी कुठे जाऊ?
— विद्यार्थी, दुसरं वर्ष

उत्तर : आधी हिशेब नीट मांड. शुक्रवारची रात्र २४ तासांतच बसते. रविवारी रात्री तू गाडीत असणार. म्हणजे तुला फक्त शनिवारची एक रात्र हवी आहे आणि रविवारी संध्याकाळपर्यंत बॅगा ठेवायला जागा. 'दोन-तीन दिवस राहू द्या' असं तोंडी विचारलंस तर नकार ठरलेला. एका रात्रीचा लेखी अर्ज, सोबत परीक्षेचं वेळापत्रक आणि तिकिटाची प्रत, हे रेक्टरांच्या टेबलावर गेलं की सही करणं सोपं होतं. क्लार्कला सूट देण्याचा अधिकारच नसतो, तो बिचारा नोटिशीकडेच बोट दाखवणार. अर्ज शेवटच्या दिवशी नको, आजच दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे.

एवढी घाई कशाला, हा तुझा न विचारलेला प्रश्न. सुट्टीत इमारत नुसती पडून असते असं मुलांना वाटतं. खरं तर तेच काही आठवडे हातात असतात : पाण्याच्या टाक्या धुवायच्या, वायरिंग बघायचं, ढेकणांची फवारणी करायची. काही विद्यापीठं या काळात खोल्या परिषदांच्या पाहुण्यांना देतात आणि त्या पैशांवर वर्षभराची दुरुस्ती निघते. पण सगळ्यांत मोठं कारण नोटिशीत कधी लिहिलेलंच नसतं. रात्री इमारतीत नेमकी कोण कोण माणसं आहेत, हे पहाऱ्यावरच्या माणसाला ठाऊक असावं लागतं. आग लागली तर बाहेर आलेल्यांची मोजणी यादीवरून होते. रिकाम्या मजल्यावर कोणी न सांगता झोपलेला असेल तर तो यादीत नसतो आणि त्याला शोधायला कोणी वर जात नाही. तेव्हा परवानगी मिळाली नाही तर शहरात दुसरी सोय बघ, पण मित्राच्या खोलीत लपून राहू नकोस.

तुझी अडचण एका रात्रीची आहे. परदेशातून आलेले, घरचं कोणी नसलेले, घराशी संबंध तुटलेले विद्यार्थी सुट्टीची नोटीस वाचतात तेव्हा त्यांच्यापुढे सगळी सुट्टी उभी असते. त्यांच्यासाठी एखादा मजला उघडा ठेवणं ही मेहेरबानी नाही, संस्थेचं काम आहे. असे कोणी हे वाचत असतील तर त्यांनी हे सत्राच्या पहिल्या महिन्यातच ऑफिसला लेखी कळवावं. कारणाचा तपशील सांगायची गरज नाही, 'सुट्टीत राहण्याची सोय नाही' हे पुरेसं आहे.

प्रश्न : मी वसतिगृहाच्या विद्यार्थी समितीची सचिव आहे. सूचना लावणं माझ्याकडे आहे. मी सगळं लिहिते आणि तरी दिवसभर मुली दारावर थाप मारून तेच विचारतात. कोणी वाचतच नाही. काय करू?
— सचिव, पदव्युत्तर पहिलं वर्ष

उत्तर : तू नोटिशीचा फोटो पाठवलास ते बरं केलंस. एकाच पानावर खोली सोडण्याची तारीख, मेस बंद होण्याची तारीख, ग्रंथालयाची पुस्तकं, अनामत रक्कम, हरवलेली छत्री आणि निरोप समारंभ. आठव्या ओळीवर मीही थांबले. मुली वाचत नाहीत असं नाही, त्या स्वतःपुरतं शोधतात, ते सापडलं नाही की तुझं दार वाजवतात. एका कागदावर एकच विषय ठेव. छत्रीला वेगळी चिठ्ठी पुरते.

सुरुवात 'सर्व विद्यार्थिनींना कळविण्यात येते की' अशी आहे. कोण कळवतंय, कोणाला विचारायचं, काहीच कळत नाही. पहिल्याच ओळीत काम आणि वेळ येऊ दे : 'खोलीची किल्ली शनिवार, १४ तारखेला सकाळी ११ पर्यंत ऑफिसात द्या.' तारखेबरोबर वार लिहायचाच. परीक्षेच्या दिवसांत मुलींना तारीख आठवत नाही, वार आठवतो, शिवाय दोन्ही जुळले नाहीत तर चूक लगेच पकडली जाते. 'रात्री १२' हे शब्द तर नोटिशीतून हद्दपार कर. १४ तारखेची रात्र १२ म्हणजे १३ नंतरची की १५ आधीची, यावर भांडणं मी सोडवली आहेत. '१४ तारखेला रात्री ११.५९' लिहिलं की वाद मिटतो.

त्याखाली, उशीर झाला तर काय होईल ते लिही. 'कडक कारवाई केली जाईल' याला कोणी घाबरत नाही, कारण ती कारवाई कोणी पाहिलेलीच नसते. 'किल्ली उशिरा दिल्यास कुलूप बदलण्याचा खर्च अनामत रकमेतून वजा होईल' हे मात्र नीट वाचलं जातं. पण जे खरोखर होणार आहे तेवढंच लिही. एकदा पोकळ धमकी गेली की पुढच्या नोटिशीचं वजन गेलं. आणि शेवटी एक नाव, खोली क्रमांक आणि भेटण्याची वेळ. नाव नसेल तर सगळ्या तुझ्याकडेच येणार.

आता जागा. फलक मुख्य दाराशी आहे, तिथून सगळ्या घाईत जातात. माणूस जिथे काही न करता उभा असतो तिथे कागद लाव : पाण्याच्या कूलरपाशी, वॉशिंग मशीनजवळ, मेसच्या रांगेच्या बाजूच्या भिंतीला, जिन्याच्या वळणावर. जुन्या नोटिसा आधी काढ. मागच्या सत्राची पिवळी पडलेली सूचना शेजारी लोंबत असली की नवीही जुनीच वाटते. मोबाइलवरच्या गटात मजकूर टाकताना फोटो नको, अक्षरं टाईप कर, म्हणजे शोधता येतात, आणि दृष्टी अधू असलेल्या मुलींचा फोन ती वाचून दाखवू शकतो. शिवाय जेवणाच्या वेळी मेसमध्ये उभं राहून अर्ध्या मिनिटात तोंडी सांग. हे जुनाट वाटेल, पण त्याच वेळी कोणीतरी 'पण माझा पेपर तर १६ ला आहे' म्हणेल आणि तुला कळेल की तारीखच चुकीची ठरली आहे. कागद तुला हे कधी सांगणार नाही.

प्रश्न : खिडकीची काच रूममेटकडून फुटली. तो आधीच घरी गेला. आता अनामत रकमेतून दोघांचेही पैसे कापणार म्हणतात. हा कुठला न्याय?
— तिसरं वर्ष

उत्तर : खोली दोघांच्या नावावर असते, म्हणून नुकसानही दोघांच्या नावावर पडतं. बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या कागदात हे असतं, एकदा काढून वाच. त्याला आजच मेसेज करून काच त्याच्याकडून फुटल्याचं लिहून घे. मित्र असेल तर लिहील. ते लेखी उत्तर अर्जाला जोड, ऑफिस बहुधा ऐकतं. पुढच्या वर्षी खोली मिळाल्याच्या दिवशी भिंती, खिडक्या, कॉट, कपाट यांचे तारखेसह फोटो काढून स्वतःलाच ईमेल कर. सामान लावण्याआधी, नंतर नाही.

प्रश्न : पुढच्या वर्षाचे रूममेट निवडायचे फॉर्म आले आहेत. माझी जिवलग मैत्रीण म्हणते एकत्र राहू. मला आनंदही होतोय आणि धाकधूकही वाटतेय. तुमचं मत?
— पहिलं वर्ष

उत्तर : माझं मत तुझ्या मैत्रिणीला आवडणार नाही. जिवलग मैत्रीण शेजारच्या खोलीत असावी.

मैत्री टिकवायला एकच खोली लागत नाही, जवळची खोली पुरते, आणि हे माझ्या मनाचं नाही. लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला, तो १९५० साली प्रसिद्ध झाला. कोणाची मैत्री कोणाशी झाली हे पाहिलं तर दार किती जवळ आहे यावर फार काही अवलंबून होतं. जिन्यापाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशीही ओळख होत होती, कारण वरचे लोक त्यांच्या दारावरूनच जात. तेव्हा जिन्याजवळची खोली मिळत असेल तर गोंगाटाला नाव ठेवत का होईना, पण घे.

खोलीच्या आतली गोष्ट वेगळी. ब्रूस सॅसरडोट यांनी डार्टमथ कॉलेजमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे, आवड न पाहता जोडलेले रूममेट अभ्यासले. २००१ च्या त्या निबंधात दिसलं की रूममेटचा परिणाम एकमेकांच्या गुणांवर होतो, पण मुख्य विषय निवडण्यावर होत नाही. म्हणजे ती तुझं आयुष्य ठरवणार नाही, पण रात्री अकराला दिवा चालू राहणार की बंद होणार, हे ती ठरवणार.

म्हणून फॉर्म भरण्याआधी मैत्रिणीला तीनच गोष्टी विचार : किती वाजता झोपतेस, फोनवर खोलीत बोलतेस की बाहेर जाऊन, आणि न विचारता वस्तू घेतलेली चालते का. उत्तरं जुळली तर खुशाल राहा. नाही जुळली तर 'आपण शेजारी शेजारी घेऊ' हे आत्ता म्हणणं, डिसेंबरमध्ये खोली बदलून मागण्यापेक्षा शंभरपट सोपं.

प्रश्न : मुलगी सत्र संपवून घरी आली आहे. दुपारी बाराला उठते, विचारलं तर 'हो', 'नाही' एवढंच. वर्षभर वाट पाहिली आणि घरात पाहुणी आल्यासारखं वाटतंय.
— एका विद्यार्थिनीची आई

उत्तर : ताई, पहिला आठवडा तिला झोपू द्या. परीक्षेच्या दिवसांत झोप मोडलेली असते, झोपण्याची वेळही पुढे सरकलेली असते. शिवाय वसतिगृहात दिवसभर माणसं असतात, एकटं बसायला जागा शोधावी लागते. घरी आल्यावर दार लावून बसणं हे बऱ्याचदा तुमच्यावरचा राग नसून तो निवांतपणाच असतो. प्रश्न विचारण्याऐवजी तिच्याबरोबर काहीतरी काम करा, कपड्यांच्या घड्या घालताना मुलं जास्त बोलतात. निकालाचा विषय तिने काढेपर्यंत काढू नका.

मात्र उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, जेवण सुटलं, आधी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागेनासं झालं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही ती बोलली, तर वाट पाहत बसू नका. शेवटची गोष्ट असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ती परत जायला का घाबरते आहे, हेही शांतपणे विचारा. कधी कारण अभ्यास नसतो, त्याच मजल्यावरचं कोणीतरी असतं.

प्रश्न : सुट्टीआधी खोली बंद करताना आणि परत आल्यावर काय बघायचं? नोटिशीत फक्त 'स्वच्छ करून सोडावी' आहे.
— संशोधक विद्यार्थी

उत्तर : सामाईक फ्रीजपासून सुरू करा, कारण तो कोणाचाच नसतो. निघण्याच्या आदल्या दिवशी रिकामा करा, प्लग काढा, बर्फ वितळू द्या, पुसून कोरडा करा आणि दार थोडं उघडं राहील असं काहीतरी अडकवा. बंद करून गेलात तर आत बुरशी वाढते आणि तो वास महिनाभर जात नाही. चार्जर, किटली, टेबल लॅम्प यांचे प्लग काढा. ओला टॉवेल कपाटात ठेवू नका, हे सांगावं लागतं याची मला लाज वाटते, पण लागतं.

परत आल्यावर थेट शॉवरखाली उभं राहू नका. बरेच दिवस पाइपमध्ये साठून राहिलेल्या पाण्यात, विशेषतः २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. ते पाणी पिऊन नव्हे, तर तुषार श्वासातून आत गेल्याने आजार होतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर तो पहिल्यांदा ओळखला गेला. शॉवरचं तोंड काढून किंवा बादलीत धरून गरम आणि गार दोन्ही पाणी काही मिनिटं वाहू द्या, खिडकी उघडी ठेवा. इमारतीच्या सगळ्या नळांचं हेच काम खरं तर व्यवस्थापनाचं आहे, तेव्हा ते झालं का हे विचारायला संकोच नको.

बॅगा कॉटवर ठेवण्याआधी गादीच्या शिवणी आणि कॉटच्या फटी टॉर्च लावून बघा. बारीक काळे ठिपके दिसले तर ढेकूण समजा. सुट्टीत ते उपाशी मरतील ही आशा फुकट आहे, पूर्ण वाढलेले ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने जगतात. ५० अंशांच्या वरची उष्णता मात्र त्यांना सहन होत नाही, म्हणून कपडे गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये जास्त तापमानावर अर्धा तास फिरवा. गादी स्वतःच ओढत दुसऱ्या खोलीत नेऊ नका, त्याने तिथेही पसरतात. ऑफिसात लेखी कळवा आणि आजूबाजूच्या दोन्ही खोल्यांत सांगा. लाजेने गप्प राहणाऱ्या एका खोलीमुळे अख्ख्या मजल्याला पुन्हा फवारणी लागते.