वाचकांचे प्रश्न : घड्याळातल्या कॅलरी आणि ताटातल्या कॅलरी

प्रश्न : वय ४२, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. दोन महिने रोज सकाळी वेताळ टेकडीवर तासभर, साधारण साडेचार किलोमीटर चालते. घड्याळ ३९० कॅलरी दाखवतं. अॅपमध्ये ‘हलकी हालचाल’ निवडलंय, आणि व्यायामाच्या कॅलरी ते रोजच्या कोट्यात वाढवून देतं. खाण्याची नोंद अगदी काटेकोर आहे, तेलसुद्धा मोजते. अॅपच्या हिशेबाने रोज ४५० कॅलरींची तूट पडते, पण वजन जेमतेम अर्धा किलो उतरलं. थायरॉइड नॉर्मल आहे. चुकतंय कुठे? (कोथरूड)

उत्तर : तुमच्या मेहनतीत काही चुकत नाहीये. तुमचं चालणं हिशेबात दोनदा धरलं गेलंय.

तुमच्या वय-उंची-वजनाला शरीर नुसतं चालू ठेवायला दिवसाला सुमारे १३३० कॅलरी लागतात. बैठ्या दिनक्रमाला हा आकडा १.२ ने गुणायचा, म्हणजे साधारण १६००. ‘हलकी हालचाल’ निवडली की अॅप १.३७५ ने गुणतं, म्हणजे १८३०. मधल्या २३० कॅलरी म्हणजेच तुमची टेकडी! त्यावर घड्याळाचे ३९० पुन्हा जोडले गेले.

शिवाय ते ३९० सुद्धा फुगलेले आहेत. त्या तासात घरी बसून राहिलात तरी ५५ ते ६५ कॅलरी खर्च होणारच होत्या, आणि घड्याळ बहुधा त्याही धरतं. सपाटीवर चालताना किलोमीटरला दर किलो वजनामागे जादा खर्च होतो तो अर्ध्या कॅलरीच्या आसपास. साडेचार किलोमीटरचे झाले १६०. चढ १०० मीटर धरला तर त्याचे आणखी ६५-७०. एकूण सव्वादोनशे-अडीचशे.

आता बेरीज करा. अॅपने खायला दिल्या १८३० वजा ४५० अधिक ३९०, म्हणजे १७७०. खरा खर्च १६०० अधिक २३०, म्हणजे १८३०. तूट उरली रोज ६० कॅलरींची. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, तेव्हा दोन महिन्यांत अर्धा किलो हे अगदी हिशेबशीर उतरलंय.

अॅपमध्ये ‘बैठी जीवनशैली’ निवडा, घड्याळाचा आकडा निम्माच धरा आणि रोज १४०० च्या आसपास खा, टेकडी चुकली त्या दिवशीही. आठवड्याला साधारण ४०० ग्रॅम उतरतील. दर चार-पाच किलो घटले की आकडेमोड नव्याने करा, कारण हलक्या शरीराला खर्चही कमी लागतो.

हे ३७० कमी करायचे कुठून? टेकडीवरून आल्यावर बहुतेक घरी पोहे होतात, तिथूनच सुरुवात करू. कोरडे पोहे ६० ग्रॅम (२१०), मोठा चमचाभर तेल (१२०), मूठभर दाणे (८५), वर शेव-खोबरं (४०) : एक बशी साडेचारशेची. पोहे ४० ग्रॅम, तेल छोटा चमचा, दाणे मोजून सात-आठ, मटार भरपूर आणि सोबत वाटीभर दही घेतलं की तीच न्याहारी तीनशेत बसते, आणि प्रथिनंही वाढतात. दिवसभराच्या स्वयंपाकातलं तेल माणशी दोन छोटे चमचे कमी केलं की आणखी ९०. उरलेल्या बहुतेक संध्याकाळच्या चहासोबतच्या खारीत सापडतील.

घरात बाकी कुणी तेल मोजत नसेल तर महिन्याचा डबा बघा. माणशी महिना १ लिटर तेल म्हणजे रोज ३० ग्रॅम, २७० कॅलरी.

प्रश्न : दर रविवारी आतकरवाडीवरून सिंहगड चढतो. वजन ८० किलो. वर पिठलं-भाकरी, भजी, दही होतं. सोमवारी काटा उलट किलोभर जास्त दाखवतो! (धायरी)

उत्तर : सोमवारचा तो किलो चरबीचा नाही. तंगडतोड चढ-उताराने स्नायूंना सूज येते, ते पाणी धरतात. पिठलं-भज्यांतलं मीठही पाणी धरून ठेवतं. तीन-चार दिवसांत ते उतरतं. म्हणून रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा आणि आठवड्याची सरासरी मागच्या सरासरीशी ताडून बघा.

खाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. सुमारे ६०० मीटर चढाईला तुम्हाला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी लागतात, उतरताना जेमतेम शंभर. दोन भाकरी (४००), तेलाची धार घातलेलं पिठलं (२५०), भज्यांची बशी (३५० तरी) आणि गोड दही धरलं तर हजार ओलांडतात. भजी चौघांत एक बशी घ्या, दही साखरेविना. पिठलं-भाकरी अवश्य खा आणि तेच दुपारचं जेवण समजा. घरी येऊन पुन्हा ताट वाढून घेणं हीच खरी गोची असते.

प्रश्न : वय २८, उंची १७२, वजन ६५. रोज ८ किलोमीटर धावतो, १३०० कॅलरी खातो. रात्री झोप लागत नाही, धावण्याचा वेग घटलाय. (औंध)

उत्तर : तुम्ही फार कमी खाताय, आजच वाढवा. धावण्याला किलोमीटरमागे दर किलो वजनाला साधारण एक कॅलरी लागते, म्हणजे तुमच्या ५२०. दिवसाचा एकूण खर्च २४०० च्या घरात आणि तूट ११००! एवढ्या तुटीत चरबीबरोबर स्नायूही झडतात. २३०० ते २४०० वर या. वाढीव खाण्यातलं निम्मंअधिक धावून आल्यावर तासाभरात घ्या : दोन अंडी किंवा ५० ग्रॅम पनीर, दोन पोळ्या, एक केळं. दिवसाची प्रथिनं ९० ते १०० ग्रॅम हवीत. तुमच्या उंचीला ६५ किलो वजन योग्यच आहे, आणखी घटवायची गरज नाही.

प्रश्न : मधुमेहासाठी इन्सुलिन घेते. उपाशीपोटी चालले तर वजन लवकर उतरेल का? (सहकारनगर)

उत्तर : उपाशीपोटी चालल्याने दिवसाची एकूण तूट वाढत नाही आणि तुम्हाला साखर खाली जाण्याचा धोका आहे. खाणं किंवा चालणं बदलण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. चालताना खिशात १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन छोटे चमचे, पुडीत बांधून ठेवा. घाम, थरथर, धडधड जाणवली की थांबा, ते पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासा.